आंबोली टोडच्या संवर्धनाच्या गरजा कशा ठरवाव्यात : पूर्वतयारीपासून कृती-आराखड्यापर्यंत

दुर्मीळ बेडकासाठी संवर्धनाचा प्रस्ताव लिहिताना बहुतेक जण उपायापासून सुरुवात करतात. प्रजननकेंद्र हवे, जागेला कुंपण हवे, माहितीफलक हवेत असे आधी ठरते आणि मग त्याला आधार म्हणून सर्वेक्षण केले जाते. दुसरी चूक तितकीच सर्रास दिसते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतली श्रेणी हीच संवर्धनाची गरज, असे धरून चालण्याची ती चूक आहे. प्रजाती नाहीशी होण्याची शक्यता किती आहे, एवढेच श्रेणी सांगते. तिच्यासाठी कोणते काम, कोणी, कोणत्या क्रमाने करावे हे ठरवणारे मूल्यांकन वेगळे असते आणि त्याचा कणा म्हणजे एकच प्रश्न : या प्रजातीवरचा नेमका धोका कोणता आणि तो वेळेत मागे घेता येईल का?

हा लेख त्या मूल्यांकनाचा क्रम सांगतो. उदाहरण म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीच्या जांभ्या सड्यांवरचा, म्हणजे उघड्या कातळ-पठारांवरचा, आंबोली टोड (शास्त्रीय नाव झँथोफ्रीन टायग्रिना) हा बेडूक घेतला आहे. याचे वर्णन २००९ साली झाले, आययूसीएनने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली, आणि पावसाच्या तोंडावर कातळावर साचणाऱ्या उथळ डबक्यांत त्याचे प्रजनन होते. लहान क्षेत्र आणि अल्पकाळ टिकणारे पाणी असे दोन्ही एकत्र आल्यामुळे मूल्यांकनातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका प्राण्यात भेटतात.

## टप्पा १ : कोणत्या प्राण्याचे आणि कोणत्या क्षेत्राचे मूल्यांकन, हे लिहून काढणे

पहिल्या पानावर तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : प्रजातीचे आजचे मान्य शास्त्रीय नाव, तिची संशयास्पद नावे किंवा जुन्या नोंदी, आणि मूल्यांकन संपूर्ण प्रजातीचे आहे की तिच्या एखाद्या भागातल्या समूहाचे. आंबोली टोड फक्त आपल्याकडेच असल्यामुळे तिसरा मुद्दा सोपा जातो. ज्या प्रजातीचा प्रदेश दोन राज्यांत किंवा दोन देशांत पसरलेला आहे, तिथे मात्र हे आधी लिहिले नाही तर पुढचे सगळे आकडे एकमेकांत मिसळतात.

झँथोफ्रीन या प्रजातिगणात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, दोनच प्रजाती मानल्या जातात. दुसरी म्हणजे कोयना परिसरातला टोड. त्याचे वर्णन १९६३ मध्ये, तेव्हा ‘बुफो’ या गणाखाली झाले होते. याचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. जुन्या टिपणांत दोन्ही प्राणी एकाच नावाखाली असू शकतात, आणि अवघ्या दोन प्रजातींच्या गणातली एक गेली तर उत्क्रांतीची एक अख्खी शाखा निम्मी होते. वंशवेगळेपणाचा, म्हणजे प्रजाती वंशावळीत किती एकटी आहे याचा, प्रश्न पुढे सातव्या टप्प्यातल्या प्रश्नावलीत येतो, तेव्हा हीच नोंद उपयोगी पडते.

तपासणी : चमूतल्या प्रत्येकाला आंबोली टोड, सर्वत्र आढळणारा साधा टोड आणि त्याची लहान पिल्ले छायाचित्रांवरून वेगळी ओळखता येतात का? न येणाऱ्याने एकट्याने नोंद करू नये.

## टप्पा २ : परवानगी, जमीन आणि स्वच्छता

परवानगीचा अर्ज पावसाच्या कितीतरी आधी, शक्यतो हिवाळ्यातच करावा. वनजमिनीवर काम करायचे असेल किंवा प्राणी हाताळायचा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते; वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या मान्यतेचा प्रश्न येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची रचना बदललेली आहे, म्हणून जुन्या यादीवर विसंबू नये. फक्त आवाज ऐकणे आणि न हाताळता छायाचित्र घेणे एवढ्यावर काम भागत असेल तर तसेच करावे. अर्जही सोपा होतो आणि प्राण्यालाही त्रास होत नाही.

जमिनीची मालकी याच टप्प्यात नकाशावर आणावी, आणि हे काम अजिबात हलके समजू नये. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार-गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक हक्काच्या, जमिनींचा प्रश्न अनेक वर्षे चालत आलेला आहे. त्यामुळे एकाच सड्याचा एक तुकडा वनखात्याकडे, दुसरा खासगी आणि तिसरा गावकीच्या दाव्यातला असे चित्र असू शकते. उपाय कोणाच्या सहीने होणार हे मालकीवर ठरते. मालकी न तपासता केलेली शिफारस कागदावरच राहते.

गावाशी बोलणेही आत्ताच सुरू करावे. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हा त्याचा अधिकृत मार्ग आहे, पण सड्यावर गुरे नेणारी माणसे हा त्याहून महत्त्वाचा. कोणत्या खळग्यात पाणी आधी साचते, कोणते आधी आटते, कोणता रस्ता अलीकडे रुंद झाला, हे त्यांना ठाऊक असते.

स्वच्छतेचा नियम एका वाक्यात सांगता येतो : एका जागेचा चिखल दुसऱ्या जागी जाता कामा नये. बेडकांच्या त्वचेला रोग लावणाऱ्या कायट्रिड बुरशीची लागण पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या बेडकांत आढळल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे. बूट, काठी, जाळी यांवरचा चिखल आधी ब्रशने पूर्ण काढावा, मगच निर्जंतुक द्रव वापरावा. चिखलावर ओतलेल्या औषधाचा उपयोग होत नाही. हे धुणे डबक्यापासून आणि ओहोळापासून दूर करावे.

इशारा : हाताला डासांचे मलम लावून बेडूक हाताळू नये. बेडकाची त्वचा असे पदार्थ सहज शोषून घेते. हाताळणे अपरिहार्य असेल तर प्रत्येक प्राण्यासाठी नवे, पावडर नसलेले, ओले हातमोजे वापरावेत.

## टप्पा ३ : जुन्या नोंदींची छाननी

संग्रहालयातले नमुने, शोधनिबंध, निसर्गप्रेमींच्या संकेतस्थळांवरची छायाचित्रे या सर्वांतून एक तक्ता करावा. प्रत्येक नोंदीसमोर तारीख, जागेची अचूकता आणि ओळखीचा पुरावा असे तीन रकाने असावेत. ‘आंबोली’ एवढेच लिहिलेली नोंद नकाशावर बसस्थानकाच्या बिंदूवर टाकली जाते आणि मग तो बिंदू क्षेत्रफळाच्या हिशोबात घुसतो. ज्या नोंदीची अचूकता एका किलोमीटरपेक्षा ढिली आहे ती प्रजाती या भागात आहे एवढे दाखवण्यासाठी वापरावी, मोजणीसाठी वापरू नये.

इथे एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. आंबोलीचे नाव लागलेला झाडावरचा बेडूक, स्यूडोफिलॉटस आंबोली, याचे वर्णनही २००९ चेच. सुरुवातीला तो आंबोलीपुरता वाटला. नंतर तो कर्नाटकातही नोंदला गेला. माणसे जिथे शोधतात तिथेच प्राणी सापडतो, म्हणून रस्त्यालगतच्या आणि प्रसिद्ध ठिकाणांच्या नोंदींवरून क्षेत्र लहान ठरवण्याची घाई करू नये.

## टप्पा ४ : सर्वेक्षण

मूल्यांकनाची प्रत सर्वाधिक इथे ठरते, आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

जागा निवडणे. माहीत असलेल्या सड्यांबरोबर, तसाच कातळ आणि तशीच उंची असलेले पण आजवर न पाहिलेले सडे निवडावेत. उपग्रह-प्रतिमेवर जांभ्याचे उघडे पठार स्पष्ट दिसते. अशा सगळ्या पठारांची यादी करून त्यांतून चिठ्ठीने किंवा यादृच्छिक आकड्यांनी जागा उचलाव्यात. जाण्यास सोपी म्हणून निवडलेली जागा रस्त्याजवळची असते, आणि रस्त्याजवळच्या जागांत धोकेही जास्त असतात. त्यामुळे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाकडा होतो.

वेळ निवडणे. प्रजननाचा काळ पावसाच्या आरंभी थोडक्या अवधीचा असतो. वळवाच्या सरींपासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत चमू आंबोलीतच मुक्कामी असावा. पुण्याहून किंवा मुंबईहून पावसाची बातमी ऐकून निघालेला चमू बहुधा उशिरा पोहोचतो. उरलेल्या काळात हे प्राणी दगडांखाली आणि फटींत असतात. दगड उलटून पाहायचा असेल तर तो आपल्या बाजूला, म्हणजे प्राण्याला पलीकडे वाट राहील असा उचलावा आणि जसा होता तसाच, त्याच बाजूने, अलगद परत ठेवावा.

पुन्हा पुन्हा जाणे. एका भेटीत टोड दिसला नाही म्हणजे तो तिथे नाही, असे होत नाही. हिशोब साधा आहे. जागेवर टोड असताना एका भेटीत तो सापडण्याची शक्यता ५० टक्के असेल, तर तीन रिकाम्या भेटींनंतरही तो तिथे असूनच हुकण्याची शक्यता १२.५ टक्के उरते. सापडण्याची शक्यता ३० टक्केच असेल, तर तीन रिकाम्या भेटींनंतर हुकण्याची शक्यता जवळपास ३४ टक्के राहते. म्हणून प्रत्येक जागेला प्रजननकाळात किमान तीन आणि जमल्यास पाच भेटी द्याव्यात, आणि सापडण्याची शक्यता स्वतःच्या आकड्यांवरून काढावी.

नोंदवही. प्रत्येक भेटीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, माणसे किती, चाललेले अंतर, पाऊस, तापमान, डबक्यांची संख्या व खोली, आवाज देणारे नर, दिसलेले प्राणी, अंडी, बेडूकमासे या सगळ्यांची नोंद व्हावी. काहीही न दिसलेल्या भेटीची नोंद तितक्याच काळजीने करावी. रिकाम्या भेटी वहीत नसतील तर पाच वर्षांनी ‘संख्या घटली’ असे म्हणण्याला काहीच आधार राहत नाही.

मोजणीतले घोटाळे. आवाज फक्त नर देतात. प्रजननाच्या रात्री डबक्यापाशी जमलेले प्राणी म्हणजे सगळी संख्या नव्हे. बेडूकमाशांची संख्या प्रौढांच्या संख्येत कधीही मिळवू नये. आययूसीएनच्या निकषांत प्रजननक्षम प्राणीच मोजले जातात. अंगावरच्या पट्ट्यांच्या छायाचित्रांवरून एकेक प्राणी वेगळा ओळखता येतो का, हे आधी थोड्या छायाचित्रांवर दोन वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घ्यावे. बोटे कापून खूण करण्याची जुनी पद्धत इतक्या मर्यादित प्रजातीवर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इशारा : रात्री कातळावर चालताना पाऊल कोरड्या उंचवट्यावर पडेल याची काळजी घ्यावी. बोटभर पाण्याच्या खळग्यातही अंडी असू शकतात. जागेचे अचूक अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

## टप्पा ५ : क्षेत्राची मोजणी

आययूसीएनच्या ‘ब’ निकषात दोन क्षेत्रे मोजली जातात. प्रसारक्षेत्र म्हणजे सर्व नोंदींना बाहेरून वेढणाऱ्या बहुभुजाचे क्षेत्र, आणि व्याप्त क्षेत्र म्हणजे २ किलोमीटर बाय २ किलोमीटरच्या जाळीतल्या, प्रजाती आढळलेल्या चौकोनांची बेरीज. अतिसंकटग्रस्त श्रेणीची मर्यादा अनुक्रमे १०० आणि १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, संकटग्रस्तची ५,००० आणि ५००, तर असुरक्षितची २०,००० आणि २,००० अशी आहे.

प्रत्येक चौकोन ४ चौरस किलोमीटरचा असल्यामुळे दोन चौकोन म्हणजे ८ आणि तीन म्हणजे १२. एका जास्त चौकोनाने व्याप्त क्षेत्र १० ची रेघ ओलांडते, आणि तो तिसरा चौकोन कधी कधी केवळ जाळी कुठून आखायला सुरुवात केली यामुळे वाढलेला असतो. म्हणून जाळी वेगवेगळ्या ठिकाणांहून सरकवून पाहावी आणि सर्वांत कमी संख्या घ्यावी. जाळीचा आकार मात्र बदलू नये. १ किलोमीटरचे चौकोन घेऊन क्षेत्र लहान दाखवणे चुकीचे आहे. प्रसारक्षेत्र व्याप्त क्षेत्रापेक्षा लहान निघाले तर ते व्याप्त क्षेत्राइतके धरतात. तीन चौकोनांच्या उदाहरणात दोन्ही १२ होतात, आणि इतर अटी पुऱ्या झाल्या तर प्रसारक्षेत्राच्या आधारे अतिसंकटग्रस्त श्रेणी टिकूही शकते.

त्या इतर अटी पुष्कळ जण विसरतात. क्षेत्र लहान असणे पुरेसे नसते. तीनपैकी किमान दोन अटी सिद्ध कराव्या लागतात : समूह तुटक-विखुरलेला किंवा फार थोड्या स्थानांत असणे, सातत्याने घट होणे, आणि संख्येत टोकाचे चढउतार होणे. इथे ‘स्थान’ म्हणजे सडा नव्हे. एकाच संकटाचा झपाट्याने परिणाम होऊ शकेल असा सगळा भाग म्हणजे एक स्थान. पाच सड्यांना एकच धोका एकाच वेळी ग्रासू शकत असेल तर ते एक स्थान. एका सड्यावर बांधकाम आणि दुसऱ्यावर रस्ता असे वेगळे धोके असतील तर दोन. धोका ओळखल्याशिवाय स्थाने मोजताच येत नाहीत, म्हणून हा आकडा सहावा टप्पा संपेपर्यंत पेन्सिलीनेच लिहावा. टोकाचे चढउतार म्हणजे प्रौढ संख्येत साधारण दहापट फरक. एका वर्षी बेडूकमासे कमी दिसले हा त्याचा पुरावा होत नाही.

तपासणी : ‘अधिवास घटतो आहे’ या वाक्यामागे दोन वेगळ्या वर्षांच्या उपग्रह-प्रतिमा आणि जागेवर जाऊन केलेली खातरजमा, दोन्ही आहेत का?

## टप्पा ६ : धोक्यांची साखळी

‘पर्यटन’, ‘विकास’, ‘हवामानबदल’ असे शब्द यादीत लिहिणे म्हणजे धोका ओळखणे नव्हे. प्रत्येक धोक्यासाठी साखळी लिहावी : कोणती कृती, त्याने कोणती परिस्थिती बदलते, जीवनचक्राच्या कोणत्या अवस्थेवर आघात होतो, आणि तो समूहाच्या किती भागावर. आंबोलीसाठी ही साखळी अशी तपासता येईल.

*वाहने.* पावसाळ्यात पर्यटकांची रात्रीची वाहतूक वाढते आणि त्याच दिवसांत प्रौढ टोड हालचाल करतात, त्यामुळे आघात थेट प्रजननक्षम प्राण्यांवर होतो. मोजणीसाठी रस्त्याचे ठरावीक तुकडे ठरावीक वेळी पायी चालून तपासावेत. पाऊस मृत प्राणी वाहून नेतो आणि खेकड्यांसारखे प्राणी ते खाऊन टाकतात, म्हणून मिळालेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी असतो, हे अहवालात नमूद करावे.

*कातळाचे रूपांतर.* बांधकाम, वाहनतळ, जांभ्याचे चिरे काढणे, माती भरून लागवड करणे यांपैकी काहीही झाले की खळगा कायमचा जातो. वाहने थांबवली की रस्त्यावरचे मरण थांबते. गेलेला कातळ परत येत नाही. मूल्यांकनात या दोन धोक्यांना एकाच तराजूत घालणे ही मोठी चूक आहे.

*पावसातला खंड.* पहिल्या सरींनंतर अंडी पडली आणि मग पाऊस थांबला तर उथळ डबके आटते. याची मोजणी सोपी आहे, तरी ती क्वचितच केली जाते : काही डबक्यांत मोजपट्टी लावून पाणी किती दिवस टिकले आणि बेडूकमाशांना पाय फुटून ते बाहेर पडले का, एवढे नोंदवायचे.

*रोग.* बुरशी आढळणे आणि बुरशीने प्राणी मरणे यांत अंतर आहे. मृत किंवा सुस्त प्राण्यांची नोंद नसताना केवळ लागणीच्या आधारे रोगाला मुख्य धोका ठरवू नये. नमुने घेऊन लक्ष ठेवावे.

शेवटी प्रत्येक धोक्यासमोर एकच शेरा द्यावा : आटोक्यात आला आहे, आटोक्यात ठेवण्याचे काम चालू आहे, मागे घेता येण्याजोगा आहे, वेळेत मागे घेता येणार नाही, किंवा माहिती नाही. ‘माहिती नाही’ हा प्रामाणिक आणि पूर्ण वैध शेरा आहे. त्यातून ‘आधी संशोधन’ ही गरज आपोआप निघते.

## टप्पा ७ : प्रश्नावली आणि तज्ज्ञांची बैठक

आता गरजांचे मूल्यांकन भरायला घ्यावे. उभयचरांसाठी अॅम्फिबियन आर्क या संस्थेने तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात नष्ट होण्याचा धोका, वंशवेगळेपण, संरक्षित अधिवास, धोके मागे घेता येण्याची शक्यता, अतिसंकलन, सांस्कृतिक आणि वैज्ञानिक महत्त्व, जवळच्या प्रजातीच्या संगोपनाचा अनुभव, बंदिस्त पैदाशीसाठी मूळ प्राणी उपलब्ध होण्याची शक्यता, शासनाची मान्यता असे प्रश्न येतात. उत्तरांवरून प्रजाती कोणत्या कामासाठी पात्र आहे हे ठरते : जागेवरचे संवर्धन, जागेवरचे संशोधन, बंदिस्त संशोधन, बचाव, लोकशिक्षण इत्यादी. एकाच प्रजातीला एकाहून अधिक कामे लागू पडू शकतात.

बैठकीत प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे उत्तरे लिहावीत, मग चर्चा करावी. उलटे केले तर ज्येष्ठ माणसाचे उत्तर सगळ्यांचे उत्तर होते. वनविभागाचा क्षेत्रीय कर्मचारी आणि गावातला किमान एक जाणकार टेबलावर असावा. प्रत्येक उत्तराशेजारी पुरावा लिहावा आणि मतभेद मिटला नाही तर दोन्ही मते नोंदवावीत. ‘संरक्षित अधिवास’ या प्रश्नाला उत्तर देताना नकाशावर सीमा आणि नोंदी एकमेकांवर ठेवून पाहाव्यात. प्रजननाचे सडे राखीव क्षेत्राच्या सीमेबाहेर असतील तर शेजारी राखीव क्षेत्र असल्याचा लाभ धरू नये.

## टप्पा ८ : कृती ठरवणे

बंदिस्त प्रजननाचा आग्रह इथे हमखास पुढे येतो. तो कधी योग्य ठरतो हे टांझानियातल्या किहान्सी टोडवरून समजते. धबधब्याच्या तुषारांवर जगणारा हा प्राणी, जलविद्युत प्रकल्पाने २००० साली पाणी वळवल्यावर संकटात सापडला. सुमारे ५०० टोड अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले गेले, २००९ मध्ये प्रजाती निसर्गातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले आणि २०१२ पासून प्राणी परत सोडण्यास आरंभ झाला. तिथे धोका वेळेत मागे घेता येत नव्हता, म्हणून बचाव हाच मार्ग होता. आंबोलीत कातळ उभा आहे, पाऊस पडतो आहे आणि मुख्य धोके माणसाच्या निर्णयाने मागे घेता येण्याजोगे आहेत, असे सहाव्या टप्प्यात निघाले तर पैसा आणि माणसे जागेवरच लावली पाहिजेत. टोड काचेच्या पेटीत सुरक्षित आहे या समाधानात सडा हातचा जाण्याची भीती मला खरी वाटते.

प्रत्येक शिफारशीत चार गोष्टी असाव्यात : कोणत्या धोक्यावर, कोणती कृती, कोणाच्या अधिकारात, आणि परिणाम कशाने मोजणार. ‘रात्रीची वाहतूक नियंत्रित करावी’ ही शिफारस अपुरी आहे. आंबोली घाटाचा मुख्य रस्ता कोकण आणि घाटमाथा जोडतो. तो पूर्ण बंद होणार नाही. त्याऐवजी सड्यांकडे जाणारे आतले पर्यटनरस्ते, मोसमाच्या पहिल्या आठवड्यांत, सूर्यास्तानंतर, ग्रामपंचायत आणि वनविभागाच्या संयुक्त निर्णयाने बंद ठेवणे आणि त्याच तुकड्यांवर मृत प्राण्यांची मोजणी चालू ठेवणे, अशी शिफारस लिहावी. बंद न केलेला एक तुकडा तुलनेसाठी ठेवावा, नाहीतर फरक उपायाने पडला की कमी पावसाने हे कळत नाही.

इशारा : नवी डबकी खोदणे, सिमेंटने खळगे बंद करून पाणी अडवणे असे उपाय आधी छोट्या प्रमाणावर तपासल्याशिवाय करू नयेत. जास्त टिकणाऱ्या पाण्यात बेडूकमासे खाणारे कीटक आणि इतर बेडूकही वाढतात.

## टप्पा ९ : फेरतपासणी

यादीतले मूल्यांकन दहा वर्षांनी जुने मानले जाते; इतक्या लहान क्षेत्राच्या प्रजातीसाठी स्थानिक गरजांचा तक्ता त्याहून लवकर, आणि रस्तारुंदीकरण, खाणपट्टा किंवा मोठ्या बांधकामाचा प्रस्ताव आल्यास लगेच, पुन्हा भरावा. त्यासाठी मूळ नोंदी, रिकाम्या भेटींसह, वनविभागाकडे आणि गावच्या जैवविविधता समितीकडे एकेक प्रत अशा ठेवाव्यात, आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर पद्धत इतक्या तपशिलाने लिहावी की पुढच्या चमूला तोच सडा, तीच वाट आणि तीच वेळ गाठता येईल.